दुखत नाही म्हणणारा पाय आणि बंद गाळा

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक फिटर डोळ्यांसमोर आणा. वय पन्नाशीचे, मधुमेह दहा-बारा वर्षांपासूनचा, पायांत दिवसभर जड सुरक्षा बूट. बुटात लोखंडाचा बारीक कीस शिरला आणि तळव्यात रुतून बसला. संध्याकाळी मोजा काढताना त्यावर रक्त दिसले, तेव्हा कुठे त्याला जखम कळली. आता तारीख मार्च २०२० च्या अखेरची धरा. २२ तारखेच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद, २५ पासून देशभर टाळेबंदी. ठाण्याला किंवा मुंबईला मोठ्या रुग्णालयात जायचे तर गाडी नाही, आणि जवळच्या दवाखान्याचे शटर खाली. त्या दवाखान्याने शटर वर करावे का, आणि केले तर कोणती काळजी घ्यावी, हे आपण येथे पाहणार आहोत.

पायांवर उपचार करणे हा आपल्याकडे स्वतंत्र व्यवसाय म्हणून फारसा रुजलेला नाही. शल्यविशारद, मधुमेहतज्ज्ञ, त्यांच्या हाताखालचे ड्रेसर हेच ते काम करतात. नखे कापणे, घट्टे आणि कुरुपे तासणे, जखमेची मलमपट्टी करणे ही कामे दिसायला साधी आहेत. वरवर पाहता साथीत चार महिने थांबली तरी चालतील अशी. पण मधुमेहात पायाचे मज्जातंतू हळूहळू बधिर होतात. दुखणे ही शरीराची धोक्याची घंटा आहे. ती बंद पडली की माणूस जखमेवरच चालत राहतो. कुष्ठरोगात बोटे सडून गळतात असा समज पूर्वी होता. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, बोटे जातात ती मुख्यतः बधिर अवयवाला होणाऱ्या, न कळणाऱ्या इजांमुळे. मधुमेही पायाचीही गोष्ट तीच. आठवडाभर दुर्लक्षिलेली जखम हाडापर्यंत पोचू शकते, आणि मग बोट किंवा पाऊल काढावे लागते. तेव्हा शटर खाली ठेवणे हा सुरक्षित पर्याय नव्हे. धोका तेथेही आहे, फक्त तो दवाखान्यात न दिसता रुग्णाच्या घरी दिसतो.

दवाखाना उघडायचा, तर नेमके कशापासून सांभाळायचे? हा प्रश्न मुंबईने पूर्वीही एकदा चुकीच्या पद्धतीने सोडवला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मग गटारे समुद्राच्या पाण्याने धुतली गेली, कार्बोलिक आम्लाचे फवारे मारले गेले. मेहनत प्रचंड झाली, पण रोगाचा रस्ता गटारातून जातच नव्हता. तो उंदरावरच्या पिसवांतून जात होता. सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये कराचीला ते दाखवले. पुढे परळच्या प्रयोगशाळेतील प्रयोगांनी ते पक्के केले. २०२० मध्येही आपण रस्ते फवारले, भाज्या धुतल्या, काही ठिकाणी माणसांवरही जंतुनाशक मारले. अखेर १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला माणसांवर असे फवारे मारू नका, म्हणून सांगावे लागले. कोविडचा विषाणू मुख्यतः श्वासातून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म थेंबांबरोबर पसरतो, आणि त्यांतले बारीक थेंब बंद खोलीच्या हवेत बराच वेळ तरंगत राहतात. म्हणजे पायांच्या दवाखान्यात साथीचा धोका पायात नाही. तो खोलीच्या हवेत आहे.

एका बाबतीत हा दवाखाना नशीबवान आहे. दंतवैद्याला रुग्णाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर काम करावे लागते, तर पाय पाहणारा रुग्णाच्या तोंडापासून पायाच्या लांबीइतका दूर बसतो. मोठे थेंब तेवढ्या अंतरात खाली पडतात. बारीक थेंबांना मात्र अंतराची पर्वा नसते, म्हणून हवा मोजावी लागते.

थोडे गणित करू. गाळा ३ मीटर रुंद, ४ मीटर लांब, ३ मीटर उंच. म्हणजे ३६ घनमीटर किंवा ३६,००० लिटर हवा. आत दोघे, उपचार करणारा आणि रुग्ण. शांत बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघांचा मिळून ३६ लिटर. तासाला खोलीभर, म्हणजे ३६ घनमीटर ताजी हवा येत असेल, तर हा वायू वाढत वाढत बाहेरच्यापेक्षा दशलक्षात १००० भागांनी जास्त होऊन स्थिरावतो. बाहेर तो सुमारे ४२०, म्हणून आत १४२०. हवा तासाला सहा वेळा बदलली, तर वाढ १००० च्या सहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे आत सुमारे ५९०. कार्बन डायऑक्साइड येथे अपायकारक म्हणून मोजायचा नाही. दुसऱ्याने सोडलेला श्वास आपण किती घेतो आहोत, त्याचा तो माग आहे. मापक काही हजार रुपयांत मिळतो. शाळेने एक घेऊन खिडक्या बंद आणि उघड्या ठेवून वर्गातली हवा जरूर मोजावी. आकडे पाहून मुख्याध्यापकही खिडक्या उघडतील.

‘हवा एकदा बदलली’ म्हणजे जुनी सगळी गेली, असे मात्र नाही. रंगीत पाण्याने भरलेल्या बादलीत नळ सोडा. बादलीभर पाणी आत गेले तरी रंग उरतोच, कारण नवे पाणी जुन्यात मिसळत जाते आणि मिश्रणच सांडते. पहिल्या बदलानंतर सुमारे ३७ टक्के शिल्लक राहते. ९९ टक्के जायला तासाला एका बदलाने ४.६ तास लागतात, सहा बदलांनी ४६ मिनिटे, बाराने २३. दोन रुग्णांमध्ये किती वेळ ठेवायचा, ते या आकड्यांवरून ठरते.

आमच्या अनुभवात लोक येथे हमखास दोन चुका करतात. पहिली वातानुकूलन यंत्राची. भिंतीवरचे स्प्लिट यंत्र खोलीतलीच हवा थंड करून परत सोडते. ताजी हवा आणत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ आणि कारखान्यांचा वास यांमुळे खिडकी बंद ठेवायची सवय असते, पावसाळ्यात तर असतेच. अशा वेळी एक्झॉस्ट पंखा हवा. आपल्या गाळ्याला सहा बदलांसाठी तासाला २१६ घनमीटर हवा लागते. ते लहान पंख्याच्या आवाक्यातले आहे. पण दाराखाली किंवा समोरच्या भिंतीत हवा आत यायला जागा नसेल, तर पंखा नुसता फिरतो. दुसरी चूक म्हणजे पंख्याचे तोंड रुग्ण बसतात त्या बोळात उघडणे! उदबत्ती पेटवून धूर कोणीकडे जातो ते पाहिले की दोन्ही चुका मिनिटभरात कळतात. खरी गर्दी असते ती पाळी सुटल्यावर, संध्याकाळी, बाहेरच्या बाकावर. म्हणून वेळ आधी ठरवून द्यावी, बाक उघड्यावर ठेवावा, आणि आधाराची गरज नसेल तर सोबतच्याला आत घेऊ नये. मुखपट्टी दोघांनीही लावावी.

जाड नखे घासण्याचे फिरते यंत्र साथीत बाजूला ठेवलेले बरे. त्यातून उडणारी बारीक पूड, बुरशीसकट, श्वासात जाते. हा त्रास साथीच्या आधीपासूनचा आहे. पाती आणि नखाची कात्री यांनी तेच काम पुष्कळसे धुळीविना होते.

हत्यारांचे मात्र उलटे आहे. कोरोना विषाणूवर मेदाचे आवरण असते, ते साबणाने विरते. पोलादावर त्याला मारणे सोपे. पण त्याच कात्रीवर कावीळ ‘ब’चा विषाणू असू शकतो. तो वाळलेल्या रक्तात सात दिवस टिकतो. धनुर्वाताची बीजे उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. म्हणून हत्यारे आधी घासून धुवावीत आणि मग १२१ अंश सेल्सिअसला, दाबाच्या वाफेत १५ ते २० मिनिटे ठेवावीत. प्रेशर कुकरचे तत्त्व तेच: दाब वाढला की पाणी १०० अंशांच्या वर उकळते. नुसते सॅनिटायझर शिंपडून हे साधत नाही.

आता बोलवायचे कोणाला? दूरध्वनीवरून सल्ला देण्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे आपल्या देशात २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झाली. जखमेचे छायाचित्र पाहून पुष्कळ ठरवता येते. लाली, सूज, पू, काळसरपणा किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी पाहायला हवे. संवेदना शाबूत असलेल्याचे कुरूप थांबू शकते. अडचण आपल्या फिटरची आहे. फोनवर तो म्हणेल, ‘दुखत नाही हो’, आणि नेमके तेच उत्तर वाईट.

यावर एक सोपी चाचणी आहे. रुग्णाने डोळे मिटावेत. घरच्या माणसाने प्रत्येक पायाचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना तर्जनीने हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये, एकाच बोटाला पुन्हा पुन्हा हात लावू नये. स्पर्श कळला की रुग्णाने सांगावे. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर पाय बधिर झाला आहे असे धरावे. अशा माणसाला जखम असेल, तर ती दुखत नसली तरी त्याला थांबवू नये. त्याला सकाळची पहिली वेळ द्यावी, रात्रभर कोणी श्वास न सोडलेल्या खोलीत.