स्विचवरचा आळ

चौक फाट्यावरून कर्जतच्या रस्त्याला लागलं की फार्महाउसच्या कमानी सुरू होतात. एका कुंपणात मुख्य बंगला, थोडं खाली पाहुण्यांच्या खोल्या, फाटकाजवळ राखणदाराची खोली आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारे कॅमेरे. गावात शाळेचा संगणक कक्ष, पतपेढी, दवाखाना, मेडिकलचं दुकान. या प्रत्येक ठिकाणी कुठेतरी कोपऱ्यात, बहुधा टीव्हीच्या मागे, पाच किंवा आठ पोर्टची एक लहानशी पेटी मिणमिणत असते. नेट हळू चाललं, कॅमेरा बंद पडला, वादळात काही जळलं की पहिला संशय त्या इथरनेट स्विचवर येतो आणि तो बदलला जातो. पुढच्या महिन्यात तीच तक्रार पुन्हा उभी राहते. स्विचचं काम इतकं सरळ आहे की तो आपणहून क्वचितच बिघडतो. बिघाड असतो त्याच्यात शिरणाऱ्या वायरींत, त्याला मिळणाऱ्या विजेत आणि आपल्या डोक्यातल्या काही पक्क्या समजुतींत.

त्यातली सर्वांत जुनी समजूत अशी, की स्विच लावला म्हणजे वेगाचे वाटे पडतात: शंभर एमबीपीएसचं कनेक्शन, पाच पोर्ट, म्हणजे प्रत्येकाला वीस. एके काळी हे बरंचसं खरं होतं. १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटची रचना सुरू केली, तेव्हा सगळे संगणक एकाच केबलवर जोडलेले असत. एक बोलू लागला की बाकीच्यांनी थांबायचं. दोघं एकदम बोलले तर टक्कर, आणि पुन्हा पहिल्यापासून. पुढे आलेला हब दिसायला आजच्या स्विचसारखाच होता, पण एका पोर्टमधून आलेलं तो डोळे मिटून बाकी सगळ्या पोर्टवर फेकायचा. १९९० मध्ये विनोद भारद्वाज यांच्या कॅलिफोर्नियातल्या ‘कल्पना’ या कंपनीने पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली.

स्विच करतो ते असं. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक पत्ता असतो, मॅक ॲड्रेस. गावात नव्याने आलेल्या पोस्टमनला घरं माहीत नसतात. पण कोणत्या दारातून कोणाचं पत्र बाहेर पडतं हे तो पाहत राहिला, तर चार दिवसांत त्याला गाव पाठ होतं. स्विचही आलेल्या प्रत्येक निरोपावर पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि ‘हा पत्ता तीन नंबरच्या पोर्टवर’ अशी नोंद करतो. पत्ता ओळखीचा नसेल तेवढ्यापुरता तो निरोप सगळ्यांकडे जातो, उत्तर आलं की तीही नोंद होते. काही वेळ, बहुतेक स्विचमध्ये सुमारे पाच मिनिटं, एखादं यंत्र गप्प राहिलं तर त्याची नोंद पुसली जाते. म्हणून पहिल्या पोर्टवरचा संगणक दुसऱ्याशी आणि तिसरा चौथ्याशी एकाच वेळी पूर्ण वेगाने बोलू शकतात.

मात्र घरातल्या घरात वेग कितीही असला, तरी बाहेरून येणारं इंटरनेट तुमच्या प्लॅनएवढंच राहतं. शंभर एमबीपीएसचा प्लॅन असेल तर गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसचा, स्विच लावून तो एकशे एक होत नाही. ज्या ग्रामपंचायतींत भारतनेट या सरकारी योजनेची फायबर पोचली आहे, तिथेही हेच लागू आहे. फायबर भिंतीवरच्या डब्यापर्यंत आली. त्यापुढच्या टेबलापर्यंतचं काम आपलं.

याची दुसरी बाजू पावसाळ्यात फार उपयोगी पडते. झाड पडून रस्त्यावरची फायबर तुटली की अनेकजण घाबरून विचारतात, आता कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही थांबलं का? थांबत नाही. कॅमेरा आणि त्याचं चित्रण साठवणारा एनव्हीआर एकाच स्विचला जोडलेले असतील तर त्यांचं बोलणं कुंपणाबाहेर जातच नाही. मुंबईत बसून मोबाइलवर बघता येणार नाही इतकंच. चित्रण हार्ड डिस्कवर उतरत राहतं. आणि कॅमेऱ्यांसाठी गिगाबिटच हवा, हाही आग्रह नको. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण चार एमबीपीएस घेतो. असे आठ मिळून बत्तीस झाले, शंभरच्या पोर्टमध्ये आरामात मावले. वाचलेले पैसे चांगल्या केबलवर घाला.

राउटर आणि स्विच यांचाही घोळ होतो. राउटर बाहेरच्या जगाशी बोलतो आणि घरातल्या प्रत्येक यंत्राला आयपी ॲड्रेस वाटतो; स्विच यातलं काही करत नाही. कंपनीने दिलेल्या राउटरच्या मागे बहुधा चार लॅन पोर्ट असतात, तो आतच बसवलेला एक स्विच असतो. चार पुरेसे असतील तर वेगळा घेऊच नये. जुना राउटर स्विच म्हणून वापरायचा असेल तर आधी त्याची पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा बंद करायची, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा करायचा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावायची, वॅनमध्ये नाही. हे न केल्यास एका घरात पत्ते वाटणारे दोघं होतात, आणि मग एक लॅपटॉप चालतो, दुसरा चालत नाही, उद्या उलट. अशा वेळी लोक स्विच बदलतात.

शाळांच्या संगणक कक्षांत आणखी एक प्रकार घडतो. सुट्टीत साफसफाई होते, एका केबलचं टोक लोंबकळताना दिसतं आणि कोणीतरी चांगल्या हेतूने ते जवळच्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचतं. केबलचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये असेल तर वर्तुळ पूर्ण होतं. सगळ्यांसाठी असलेला निरोप त्या वर्तुळात फिरत राहतो, प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती निघतात, आणि काही क्षणांत सगळं नेटवर्क बंद पडतं. इथरनेटच्या निरोपाला आयुष्याची मर्यादा नसते, तो आपोआप मरत नाही. हे वर्तुळ ओळखून तोडण्याची रीत रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधली, पण ती सहसा सेटिंग बदलता येणाऱ्या मॅनेज्ड स्विचमध्ये मिळते. साध्या, स्वस्त स्विचमध्ये बहुधा नसते. सगळे दिवे एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकताना दिसले तर एकेक केबल काढून पाहा. दिवे शांत झाले की दोषी केबल हातात आली.

आता वायर. काम इथेच बिघडतं.

दिवा लागला म्हणजे जोडणी ठीक, ही समजूत मालकाची असते तशी काम करणाऱ्याचीही असते. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. शंभर एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक जोडी नीट बसली नसेल तर दिवा लागतो, नेटही चालतं, फक्त हजारच्या जागी शंभरच मिळतात आणि वर्षभर कोणाला पत्ता लागत नाही. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंकचा वेग लिहिलेला असतो. तो पाहिल्याशिवाय काम झालं असं मानू नये.

याहून फसवी चूक रंगांची. ‘दोन्ही टोकांना क्रम सारखा ठेवला की झालं, कोणताही चालतो,’ असं सर्रास ऐकू येतं. प्रचलित क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी घुसवलेली पाहून अनेकांना ते चुकीचं वाटतं आणि ते जोड्या सरळ शेजारी-शेजारी लावतात. पण तिसरी आणि सहावी पिन मिळून एकच सिग्नल वाहतात. सरळ लावल्यावर त्या दोन पिनांना दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा मिळतात. तारांना पीळ दिलेला असतो तो जोडीतल्या दोघींनी बाहेरचा गोंगाट सारखाच झेलावा आणि तो एकमेकींत जिरावा म्हणून. जोडीच फुटली तर पिळाचा उपयोग संपला. दोनशे-तीनशे रुपयांच्या टेस्टरवर मात्र आठही दिवे ओळीने लागतात, कारण तो फक्त तार सलग आहे का एवढंच पाहतो. दोन मीटरच्या केबलमध्ये हे खपून जातं, चाळीस मीटरवर रडगाणं सुरू होतं. पीळ सोडवायचा तोही अर्ध्या इंचापेक्षा जास्त नाही.

तिसरी फसवणूक बाजारातली आहे आणि तिची मला खरोखर चीड येते. ३०५ मीटरची कॅट-६ ची पेटी निम्म्या किमतीत मिळते तेव्हा आतली तार बहुधा तांब्याची नसते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेला असतो. तिला सीसीए म्हणतात. इथरनेट केबलिंगच्या मानकांत ती बसत नाही. तिचा विद्युतरोध तांब्याच्या साधारण दीडपट, ती वाकवली की लवकर तुटते आणि दमट हवेत टोकाशी लवकर खराब होते. खालापूर-कर्जतच्या चार महिन्यांच्या पावसात याहून वाईट निवड नाही. ब्लेडने तार खरवडून पाहा. आत चंदेरी दिसली तर पेटी परत करा.

सीसीएचा खरा त्रास पीओईमध्ये दिसतो. पीओई म्हणजे त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही देणं. लॅपटॉप अशा स्विचला लावला तर जळेल, अशी भीती असते. मानकाप्रमाणे बनवलेला स्विच आधी समोरच्या यंत्रात ठरावीक रोध आहे का हे चाचपतो आणि मगच वीज सोडतो, त्यामुळे लॅपटॉप सुरक्षित असतो. काही स्वस्त पेट्या मात्र न विचारता चोवीस किंवा अठ्ठेचाळीस व्होल्ट सतत देत राहतात. त्यांच्याबाबतीत भीती रास्त आहे. खोक्यावर ८०२.३ एएफ किंवा एटी लिहिलंय का पाहून घ्या. एएफमध्ये एका पोर्टला कमाल १५.४ वॅट, एटीमध्ये ३० वॅट. पण आठ पोर्ट आहेत म्हणून आठांनाही कमाल वीज मिळेल असं नाही. सगळ्या पोर्टची मिळून एक मर्यादा असते. ‘दिवसा सगळे कॅमेरे दिसतात, अंधार पडला की दोन जातात,’ ही तक्रार तिथूनच येते. अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची मागणी वाढते आणि एकूण मर्यादा ओलांडली जाते, किंवा सीसीएच्या लांब तारेत एवढे व्होल्ट पडतात की कॅमेरा तग धरत नाही.

अंतराबद्दल थोडक्यात. शंभर मीटरची मर्यादा सगळ्या नेटवर्कची नसून एका स्विचपासून पुढच्या यंत्रापर्यंतच्या एका तुकड्याची आहे. मध्ये स्विच आला की तो सिग्नल नव्याने घडवतो आणि मोजणी परत शून्यापासून सुरू होते. काही पीओई स्विचवर अडीचशे मीटरचं बटण असतं. ते दाबल्यावर वेग दहा एमबीपीएसवर येतो. एका कॅमेऱ्याला तेवढा पुरतो, पाहुण्यांच्या वायफायला नाही.

मात्र इथल्या मालकांना केबलची लांबी मोजण्यापेक्षा मोठी चिंता असायला हवी, ती आकाशातल्या विजेची. पाऊस येण्याआधीचे मे-जूनचे दिवस आणि परतीच्या पावसाचा सप्टेंबर-ऑक्टोबर, या काळात माथेरान, प्रबळ, इर्शाळच्या डोंगरांवर दुपारनंतर ढग जमतात आणि कडकडाट सुरू होतो. दुसऱ्या दिवशी फोन येतो: वीज कुठेच पडली नाही, तरी स्विच, राउटर आणि एनव्हीआर तिन्ही गेले.

वीज थेट अंगावर पडावी लागत नाही. काही अंतरावर पडली तरी बंगल्यापासून फाटकापर्यंत गेलेल्या लांब तांब्याच्या तारेत क्षणभर मोठा दाब उभा राहतो. शिवाय दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. जमिनीत वीज शिरली की दोन ठिकाणच्या जमिनीची पातळी त्या क्षणी सारखी राहत नाही, आणि त्यांना जोडणारी तुमची लॅन केबल तो फरक भरून काढायला निघते. इथरनेटच्या पोर्टमध्ये लहानसे ट्रान्स्फॉर्मर असतात, ते सुमारे दीड हजार व्होल्टपर्यंत आड उभे राहतात. विजेचा झटका त्याच्या कितीतरी पुढे जातो. अर्थिंग केलंय ना, मग काळजी नाही, हा दिलासा इथे अपुरा पडतो. मुरूम आणि कातळाच्या जमिनीत अर्थिंग मुळातच अवघड, त्यात खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घातलेलं नसेल तर मे महिन्यात ते नावापुरतं उरतं. आणि ढग गडगडू लागल्यावर ॲडॉप्टर प्लगमधून काढला तरी बाहेरून आलेली लॅन केबल स्विचमध्येच असते. झटका तिच्यातूनच येतो. काढायची तर दोन्ही काढायची, आणि तीही वादळ डोक्यावर येण्याआधी. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं. राखणदाराच्या मोबाइलवर ते असायला हवं.

पण रोज उठून केबली काढायचा उपाय टिकत नाही. टिकाऊ उपाय एकच: एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांबं नेऊच नये, फायबर न्यावी. काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. फायबर महाग आणि कंपन्यांनाच परवडणारी, हा गैरसमज आता सोडायला हवा. दोन इमारतींमधली फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरला लॅन केबलशी जोडणाऱ्या पेट्या) यांचा खर्च एका वादळात जळणाऱ्या सामानापेक्षा बहुधा कमीच येतो. जोड द्यायचं मशीन गावातल्या केबलवाल्याकडे असतं, किंवा दोन्ही टोकं तयार असलेली फायबर मोजून मागवता येते. उंदरांच्या भीतीने पोलादी कवचाची आर्मर्ड फायबर घेतली तर एक गोष्ट विसरू नये: ते कवच वीज वाहतं. ते आत येण्याआधीच कापून अर्थिंगला जोडावं, किंवा धातू नसलेली फायबर पाइपातून न्यावी.

मीडिया कन्व्हर्टर घेताना जोडी पाहून घ्या. एका धाग्यावर चालणाऱ्या प्रकारात ए बाजू १३१० नॅनोमीटरवर पाठवते आणि १५५० वर ऐकते, बी बाजू उलट. दुकानदाराने दोन्ही ए दिले तर वीज येईल, पॉवरचे दिवे लागतील, फक्त फायबरचा दिवा कधीच लागणार नाही. खोकी फोडण्याआधी एकावर ए आणि दुसऱ्यावर बी लिहिलंय का ते काउंटरवरच तपासा.