फळ्याचा फोटो लक्षात का राहत नाही?

तास संपला की विद्यार्थी मोबाइल उंचावून भरलेल्या फळ्याचा फोटो काढतात. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र त्यातलं गणित अनोळखी वाटतं.

असं का?

घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवली की कोणी खिसा चाचपत नाही. कॅमेऱ्याने नोंद घेतली म्हटल्यावर मेंदूही तसाच निर्धास्त होत असावा. अमेरिकेतील फेअरफिल्ड विद्यापीठाच्या लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेऊन हे तपासलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा फोटो काढलेल्या वस्तूंचे तपशील कमी आठवले. विशेष म्हणजे, झूम करून वस्तूचा एखादाच भाग टिपला तेव्हा ही घट दिसली नाही! तिथे त्या भागाकडे मुद्दाम पाहावं लागतं, म्हणून बहुधा लक्ष गुंततं. वहीत लिहितानाही लक्ष असंच गुंततं: विद्यार्थी ऐकलेलं निवडतो, गाळतो, आपल्या शब्दांत मांडतो.