पहाटेच्या नोंदीचं मोल

कॅलिफोर्निया ते अलास्का या पट्ट्यातल्या किनाऱ्यालगतच्या सूचिपर्णी जंगलांत लाकूडतोडे पहाटेच्या धुक्यात एका पक्ष्याची साद ऐकत. ‘धुक्यातला चंडोल’ असं त्यांनी त्याचं नावही ठेवलं होतं. प्रत्यक्षात हा चंडोल नव्हे, मार्बल्ड मरलेट नावाचा समुद्रपक्षी. त्याला शास्त्रीय नाव १७८९ मध्येच मिळालं होतं, पण उत्तर अमेरिकेतलं त्याचं झाडावरचं घरटं अभ्यासकांना सापडलं ते थेट ऑगस्ट १९७४ मध्ये! तेही कॅलिफोर्नियातल्या बिग बेसिन उद्यानात, झाडांची निगा राखण्यासाठी डग्लस फर वृक्षावर चढलेल्या एका कामगारामुळे. जमिनीपासून सुमारे ४५ मीटर उंच फांदीवर पिल्लू बसलं होतं आणि त्याच्या पायांना पोहण्यासाठी पडदे होते.

इतकी वर्षं घरटं का सापडलं नाही? मरलेट समुद्रात बुड्या मारून मासे पकडतो, जंगलात येतो तो केवळ विणीसाठी. घरटं बांधतच नाही, जुनाट झाडाच्या जाड फांदीवरच्या शेवाळात एकच अंडं घालतो. नर-मादी आळीपाळीने अंडं उबवतात आणि पाळी बदलतात ती बहुधा झुंजुमुंजू होताना. विणीच्या काळातली तपकिरी पिसं सालीत मिसळून जातात, उड्डाणही अतिशय वेगवान असतं.

या शोधाने मोठं काम केलं. मरलेटला जुनी झाडं लागतात हे कळल्यावर वृक्षतोडीचा प्रश्न त्याच्या जगण्याशी जोडला गेला. १९९२ मध्ये वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्नियात त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. पर्यटकांनी सांडलेल्या खाऊवर स्टेलर्स जे हे पक्षी पोसले जातात आणि मरलेटची अंडी-पिल्लं फस्त करतात, हेही लक्षात आलं. म्हणूनच बिग बेसिनमध्ये अन्नाचा कणही मागे ठेवू नका, असं पर्यटकांना बजावलं जातं.

लाकूडतोड्यांचे कान तयार होते, पण ऐकलेलं अभ्यासकांपर्यंत पोचवण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती. आज ती आहे. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर कुणीही पक्ष्यांची नोंद करू शकतं. तिथे एक प्रश्न हमखास विचारला जातो: ओळखता आलेले सगळे पक्षी यादीत आहेत ना? उत्तर ‘हो’ असेल, तर यादीत नसलेला पक्षीही माहिती ठरतो. शंभर जणांनी एकाच जंगलातून अशा पूर्ण याद्या दिल्या आणि एखादा पक्षी त्यांतून कमी होत गेला, तर धोक्याची सूचना वेळेवर मिळते.

सॅन होजे परिसरातल्या मराठी कुटुंबांना बिग बेसिन गाडीने फार लांब नाही. तिथे जाणाऱ्यांनी दुर्मीळ पक्ष्याच्या फोटोमागे धावण्यापेक्षा तारीख, वेळ, जागा आणि किती वेळ थांबलो हे प्रामाणिकपणे लिहावं. घरट्याजवळ जाऊ नये, ध्वनिमुद्रित साद वाजवू नये. ओळख पटली नसेल, तर अंदाजाने नाव टाकू नये. हौशी माणसाच्या अशा साध्या, खऱ्या नोंदींवरच जंगल वाचवण्याचे पुढचे निर्णय उभे राहतात.