कचरा, घरगुती

घरातील दैनंदिन व्यवहारांतून उरणारे टाकाऊ पदार्थ. त्यांचे ओला, सुका, घातक इ. वर्ग करतात. भाजीचे देठ, फळांच्या साली, खरकटे इ. कुजणारे पदार्थ ओल्या कचऱ्यात. कागद, काच, धातू, प्लॅस्टिक इ. सुक्या कचऱ्यात, तर मुदत संपलेली औषधे, वापरलेले विद्युत् घट, रंगांचे डबे इ. घातक कचऱ्यात मोडतात.

हे पदार्थ एकत्र झाल्यास सर्वच निरुपयोगी होतात. कागद भिजून कुजतो, तर काचेच्या तुकड्यांमुळे खत शेतीयोग्य राहत नाही. मिश्र कचऱ्याच्या ढिगात हवा खेळत नाही. त्यामुळे अनॉक्सिजीवी सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने मिथेन हा ज्वालाग्राही वायू निर्माण होतो व ढीग धुमसत राहतात. ढिगातून झिरपणारे पाणी भूजल दूषित करते.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराचा कचरा तीन दशकांहून अधिक काळ नारेगाव येथे टाकला जाई. दुर्गंधी, धूर व दूषित पाणी यांनी त्रस्त झालेल्या परिसरातील ग्रामस्थांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. शहरात रोज निघणारा सु. ४०० टन कचरा रस्तोरस्ती साचला. पर्यायी जागांनाही तेथील रहिवाशांनी विरोध केला. मार्चमध्ये मिटमिटा येथे दगडफेक व पोलीस कारवाई झाली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नारेगावात कचरा टाकण्यास मनाई केली. पुढे चिकलठाणा, पडेगाव व हर्सूल येथे प्रक्रिया केंद्रे, तर कांचनवाडी येथे ओल्या कचऱ्यापासून वायू मिळविण्याचे केंद्र उभारण्यात आले. एका वस्तीचा कचरा दुसऱ्या वस्तीच्या शिवारात नेल्याने त्याची विल्हेवाट लागत नाही, हे या प्रसंगाने स्पष्ट केले. प्रक्रिया केंद्रांचे यशही घरोघरच्या वर्गीकरणावरच अवलंबून असते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावरच टाकली.

ओल्या कचऱ्याचे खत घरीही करता येते. सच्छिद्र माठात किंवा भोके पाडलेल्या पिंपात ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळलेला पाला वा लाकडाचा भुसा पसरतात आणि मिश्रण अधूनमधून खालीवर करतात. सु. दोन महिन्यांत गडद तपकिरी, मातीसारख्या वासाचे खत तयार होते. दुर्गंधी येणे हे ओलावा जास्त व हवा कमी असल्याचे लक्षण होय; अशा वेळी कोरडा पाला वाढवितात. कोरडी रद्दी, काच व धातू भंगारवाल्यांमार्फत कारखान्यांत पुन्हा कच्चा माल म्हणून जातात. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरल्यास धातुकापासून ते मिळविण्याच्या मानाने सु. ९५ टक्के ऊर्जा वाचते. तथापि कापडी पिशवी, स्वतःचे भांडे, दुरुस्ती इ. उपायांनी मुळातच कचरा कमी करणे हा सर्वांत अल्पखर्चिक मार्ग होय. [⟶ खते, प्रदूषण].