कानानं घेतलेला लॅपटॉप

सकाळी ६.३०. पेन ड्राइव्हवर डेबियन लिनक्स चढवून तपासलं. सुरू होताना ते बीप करतं. मग एस आणि एंटर दाबलं की पुढची प्रत्येक पायरी बोलून सांगतं. मी अंध आहे. दुसऱ्या कुणावर न विसंबता आपली प्रणाली आपल्या हातानं बसवता येणं माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे. दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उबुंटू घेतलं, दुकानात नुसतं चालवून बघायला.

८.३०. गुडीहत्नूरच्या स्टँडवर भाऊ आणि त्यांची अंध लेक आधीच आलेले. कापसाचे पैसे हातात आहेत, पोरीला डिग्री करायची आहे, म्हणून लॅपटॉप घ्यायचाय. बसमध्ये भाऊंनी विचारलं, "सर, आंधळ्यांचा लॅपटॉप वेगळा येतो का?" नाही येत. लॅपटॉप चारचौघांसारखाच, वाचून दाखवतो तो स्क्रीन रीडर. विंडोजवर एनव्हीडीए आहे, मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं २००६ मध्ये सुरू केलेला. लिनक्सवर ऑर्का. दोन्ही मुक्त आणि फुकट. म्हणून भाऊंचा सगळा पैसा यंत्रालाच लावता येतो.

१०.३०. आदिलाबाद. दुकानदार डिस्प्ले आणि ग्राफिक्स कार्डाचं कौतुक सांगू लागले. ते आम्हाला नको होतं. ८ जीबी रॅम आणि एसएसडी हवी, म्हणजे बोलणं अडखळत नाही. इअरफोनची तारेची खाच हवी, कारण ब्लूटूथवर आवाज मागं पडतो आणि भराभर टाइप करणाऱ्याची लय तुटते. पोरगी मात्र कीबोर्डवर बोटं फिरवत बसली. एफ आणि जे वरचे उंचवटे लागतात का, बाणांच्या कळा सुट्या आहेत का, इन्सर्ट कुठं आहे. इन्सर्ट नसली तरी कॅप्स लॉकवर काम भागतं.

११.१५. पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा मेनू बोलत नाही. तेवढ्यापुरते दुकानातल्या पोराचे डोळे घेतले. मग उबुंटूत ऑर्का सुरू करायला सुपर, ऑल्ट, एस. पहिला लॅपटॉप गप्प. अगदी नव्या ध्वनिचिपला लागणारा भाग कधी कधी कर्नलमध्ये अजून आलेला नसतो. बाकी सगळं झकास असलं तरी बोलत नाही ते यंत्र आमच्या कामाचं नाही. दुसरा, थोडा जुना आणि स्वस्त, लगेच बोलला. "हाच," ती म्हणाली. पैसे देण्याआधी वायफायही जोडून पाहिलं. दुकानात एवढा वेळ मागायला लाजू नये.

दुपारी २. माझ्या घरी. डेबियन तिनंच बसवलं, मी शेजारी बसून ऐकत होतो.

४.००. आमच्या भागाला एक भाषा पुरत नाही. घरात मराठी, कॉलेजात तेलुगू नि इंग्रजी. ऑर्कासाठी बोलणाऱ्या ईस्पीक एनजीत तिन्ही आवाज आहेत. थोडे यांत्रिक, पण चपळ. इनस्क्रिप्टमध्ये मराठीचा क आणि तेलुगूचा क एकाच कळीवर येतो, म्हणून बोटांना नव्यानं शिकायचं थोडंच उरतं. गोंडीचा आवाज यात नाही, याची मला चुटपूट आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या गुंजाळा गावाची गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. ईस्पीकचा स्रोत उघडा आहे. गोंडी बोलणाऱ्यांनी मनावर घेतलं तर कुणा कंपनीची परवानगी लागणार नाही.

५.३०. भाऊंना घरचा हिशेब तिच्याकडं द्यायचाय. त्यांना जीएनयूखाताबद्दल सांगितलं. हिशेबाचं हे मुक्त सॉफ्टवेअर कृष्णकांत माने यांच्या पुढाकारानं उभं राहिलं, आणि माने स्वतः अंध आहेत. भाऊ थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिला हेच शिकवा."

आज लिब्रेऑफिसपर्यंतच गेलो. उद्या टेसरॅक्ट बसवायचंय, छापील तेलुगू पुस्तकाचं पान स्कॅन करून वाचायला. गणिताची सूत्रं त्याला नीट उमजत नाहीत. त्यासाठी वर्गातली एखादी मैत्रीण सोबत घेऊन ये, असं तिला सांगितलंय.