दूरसंचार प्रणालीची सॉफ्टवेअर संरचना : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या वर्गात सॉफ्टवेअरची संरचना शिकविताना उदाहरण बहुधा बँकेचे किंवा रेल्वे आरक्षणाचे घेतले जाते. वस्तुतः लक्षावधी लोकांना एकाच वेळी सेवा देणारी आणि एखादा भाग बंद पडला तरी उरलेली चालू राहणारी प्रणाली कशी रचावी, हा प्रश्न दूरध्वनी क्षेत्राला फार आधी सोडवावा लागला. प्रस्तुत लेखात त्या संरचनेचा विचार एकाच अंगाने केला आहे : मुख्य केंद्राशी असलेली जोडणी तुटल्यावर गावाकडे काय शिल्लक राहते?

क्रमांकातील रचना

लातूरचा एस.टी.डी. क्रमांक ०२३८२, औशाचा ०२३८३, निलंग्याचा ०२३८४, उदगीरचा ०२३८५ आणि नांदेडचा ०२४६२. हे अंक केवळ ओळखीसाठी नाहीत. उदगीरहून नांदेडला फोन लावला असता उदगीरच्या केंद्राला नांदेडमधील ग्राहकाविषयी काहीही ठाऊक असावे लागत नाही. आरंभीचे अंक पाहून कॉल कोणत्या दिशेला पाठवायचा, एवढेच त्याने जाणावे. पुढचे काम पुढचे केंद्र पाहील. ज्ञानाची ही वाटणी हाच मोठ्या प्रणालीच्या संरचनेचा पहिला धडा होय.

सी-डॉटची विभागणी

१९८४ मध्ये सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिचे पहिले ग्रामीण स्वयंचलित केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. १२८ पोर्टचे हे लहान केंद्र वातानुकूलनाशिवाय, धूळ व उन्हाळा सोसून चालावे अशा बेताने घडविले होते. मराठवाड्यातील वैशाख ज्यांनी अनुभवला आहे त्यांना या अटीचे मोल वेगळे सांगावयास नको.

पुढे मोठ्या केंद्रांसाठी याच विचाराचा विस्तार झाला. मूळ घटक ५१२ जोडण्यांचा. असे ३२ पर्यंत घटक एका मध्यवर्ती घटकाभोवती जोडून सुमारे ४०,००० ग्राहकांचे केंद्र उभे करता येई. प्रत्येक घटकाला स्वतःचा प्रोसेसर असे आणि त्याच्या जोडीला राखीव प्रोसेसर सज्ज असे. सी भाषेत लिहिलेले सॉफ्टवेअर या सर्व प्रोसेसरांवर वाटलेले असून त्याचे भाग एकमेकांना संदेश पाठवून काम करीत. एरिक्सन कंपनीने १९८०च्या दशकात घडविलेल्या एरलांग या भाषेचा पायाही हाच आहे : स्वतंत्र प्रक्रिया, सामायिक स्मृती नाही, एक कोसळली तर तेवढीच पुन्हा सुरू करावयाची.

लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे दूरस्थ स्विचिंग घटक. तो मुख्य केंद्रापासून दूर, एखाद्या मोठ्या गावी बसविता येई. मुख्य केंद्राशी संपर्क तुटला तर तो स्वतंत्रपणे काम करू लागे. गावातल्या गावातले कॉल जुळत राहत. त्यांच्या आकारणीची नोंद तो स्वतःजवळ ठेवी आणि संपर्क पूर्ववत झाल्यावर मुख्य केंद्राकडे पाठवी. आज वितरित डेटाबेसच्या प्रकरणात विद्यार्थ्यांना जे परिश्रमपूर्वक शिकवावे लागते, ते येथे बिलाच्या निमित्ताने आधीच साधलेले होते.

केंद्रीकरण का झाले

या स्वायत्ततेला किंमत होती आणि ती गणिताने मोजता येते. डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एरलांग यांचे सूत्र १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एक वाहिनी तासभर सतत व्यस्त राहिली तर त्या तासाचा भार एक एरलांग होतो. नाकारले जाणारे कॉल एक टक्क्याच्या आत ठेवावयाचे असतील तर ५ एरलांग भाराला ११ वाहिन्या लागतात. असे दोन स्वतंत्र गट केले तर २२. मात्र दोहोंचा मिळून १० एरलांग भार एकत्र हाताळल्यास १८ वाहिन्या पुरतात. चार वाहिन्यांची ही बचत देशव्यापी जाळ्यात कोठल्या कोठे जाते! साधने एकत्र करण्याकडे अभियंत्यांचा कल असतो तो यामुळे.

मोबाइलने हा कल पूर्णत्वास नेला. ग्राहक फिरता असल्याने त्याचा ठावठिकाणा मध्यवर्ती डेटाबेसलाच विचारावा लागतो. जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. तेव्हापासून आरंभीच्या अंकांवरून कंपनीही खात्रीने सांगता येत नाही. फोर-जी मध्ये तर मनोरा कॉल जुळवीतच नाही. ते काम दूरच्या शहरातील गाभा-प्रणाली करते. किल्लारीतील दोन शेजारी एकमेकांशी बोलले तरी त्यांचे संदेश तेथवर जाऊन परत येतात. रस्त्याच्या कामात फायबर केबल तुटली आणि पर्यायी मार्ग नसला, तर मनोऱ्याची वीज चालू असूनही दोघे मुके होतात.

किल्लारीचे नाव सहज घेतलेले नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तेथे भूकंप झाला. अशा आपत्तीत पहिल्या काही तासांतील मदत शेजारच्या वस्तीतूनच येते, आणि नेमका तेवढाच जवळचा संवाद आजच्या रचनेत सर्वांत दूर जातो.

स्थानिक गाभ्याचा प्रश्न

या उणिवेची दखल जागतिक मानकांत घेतली गेली आहे. थ्री-जीपीपीच्या तेराव्या आवृत्तीत, गाभ्याशी संपर्क तुटलेल्या मनोऱ्याने स्थानिक गाभ्याच्या आधारे सेवा चालू ठेवण्याची तरतूद आहे. परंतु ती पोलीस, अग्निशमन आदी आपत्कालीन यंत्रणांसाठी आहे. सामान्य ग्राहकांसाठी नाही.

याचे कारण शोधू गेल्यास आपण पुन्हा जुन्या केंद्राकडे येतो. तेथे ग्राहकाची ओळख म्हणजे त्याच्या घरी गेलेली तार होती; ती ज्या पोर्टला जोडलेली तोच तो ग्राहक. मोबाइल ग्राहकाची ओळख सिमकार्डातील गुप्त किल्लीने पटते आणि त्या किल्लीची दुसरी प्रत मध्यवर्ती डेटाबेसमध्ये असते. संपर्क तुटल्यावर मनोऱ्याने कोणावर विश्वास ठेवावा? गावच्या नेहमीच्या ग्राहकांच्या किल्ल्या मनोऱ्यापाशीच ठेवल्या तर सेवा चालू राहू शकेल. पण शेताच्या बांधावरील त्या खोलीचे कुलूप तोडणाऱ्याच्या हाती साऱ्या गावाची ओळख पडेल. २७ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जी जाळ्यातील गाभा सी-डॉटचाच आहे. गावापुरते स्वतंत्रपणे चालणारे केंद्र ज्या संस्थेने एकदा घडविले, तिच्यापुढे हा प्रश्न आता कुलपाच्या व किल्लीच्या रूपात आला आहे.