मुंबईत तयार झालेले जहाज

'जहाज' हा शब्द तुम्ही उर्दूत वाचता आणि मराठीतही वाचता. 'बंदर' हा शब्दही दोन्ही भाषांत आहे. आज आपण अशाच एका जहाजाची माहिती घेऊ. ते तयार झाले मुंबईच्या बंदरात. पण आज ते इंग्लंडमधील हार्टलपूल या गावी पाण्यावर तरंगत आहे. त्याचे नाव 'ट्रिंकोमाली'. श्रीलंकेतील एका बंदरावरून हे नाव ठेवले गेले.

१८१६ साली मुंबईच्या गोदीत या जहाजाचे काम सुरू झाले. जमशेटजी बमनजी वाडिया हे नामांकित पारशी जहाजबांधणीकार कामावर देखरेख करत होते. जहाजाच्या तळाशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जे जाड लाकूड असते, त्याला आपण जहाजाचा कणा म्हणू. पारशी रिवाजाप्रमाणे त्या कण्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले.

इंग्रजांनी आपले लढाऊ जहाज इतक्या दूर का बांधून घेतले? त्या काळी इंग्लंडमध्ये ओक लाकडाची टंचाई होती. मुंबईला मात्र मलबारचे उत्तम सागवान मिळत असे. सागाच्या लाकडात तेलाचा अंश असतो. त्यामुळे ते लवकर कुजत नाही. ओकच्या लाकडात लोखंडी खिळे लवकर गंजतात, सागवानात ते जास्त टिकतात. शिवाय मुंबईचे कारागीरही कुशल होते.

पुढे वाफेवर चालणारी लोखंडी जहाजे आली. लाकडी जहाजांची गरज संपली. १८९७ साली 'ट्रिंकोमाली' मोडीत विकले गेले. परंतु व्हीटली कॉब नावाच्या एका गृहस्थाने ते विकत घेतले आणि त्याचे नाव बदलून 'फुद्रोयाँ' असे ठेवले. त्यानंतर १९८६ पर्यंत मुले त्यावर समुद्राचे शिक्षण घेत असत.

त्याच्याच शेजारी 'इम्प्लॅकेबल' नावाचे आणखी एक जुने जहाज उभे असे. ते फार खराब झाले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या दुरुस्तीला पैसा मिळाला नाही. अखेर १९४९ साली ते भर समुद्रात नेऊन बुडवण्यात आले. मुंबईच्या जहाजाचीही हीच गत झाली असती; पण तसे झाले नाही. १९८७ साली त्याला हार्टलपूलला आणले गेले आणि १९९० साली दुरुस्ती सुरू झाली.

लाकडी जहाज खराब कसे होते? तुम्ही म्हणाल, समुद्राच्या पाण्याने. परंतु खारे पाणी लाकडाला फारसे कुजवत नाही. खरा शत्रू म्हणजे पावसाचे गोडे पाणी. ते फटींतून आत झिरपते, तेथे बुरशी वाढते आणि लाकूड आतून पोकळ होते. समुद्रात लाकूड पोखरणारा एक जीवही असतो. तो किड्यासारखा दिसतो, पण शिंपल्यांच्या कुळातला आहे. त्याच्यापासून बचाव व्हावा म्हणून त्या काळी जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत.

आता दुरुस्ती कशी करतात ते पाहू. प्रथम जहाजाला चारही बाजूंनी भक्कम टेकू देतात, नाहीतर त्याचा आकार बिघडतो. मग प्रत्येक लाकूड ठोकून पाहतात. चांगले लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले भद्द वाजते. जहाजाला माणसासारख्या बरगड्या असतात. त्या सगळ्या एकाच वेळी काढत नाहीत. एक काढायची, तिच्या मापाची नवी बसवायची, मगच दुसरीला हात लावायचा. एखाद्या लाकडाचे टोकच कुजले असेल, तर तेवढेच कापतात आणि तिरका सांधा करून नवा तुकडा जोडतात. बाहेरच्या फळ्यांना बाक द्यायचा असेल, तर त्या वाफेवर मऊ करतात. शेवटी फळ्यांमधील फटींत ताग किंवा कापूस घट्ट ठोकून भरतात आणि वरून डांबर लावतात. जहाज पाण्यात उतरले, की फळ्या फुगतात आणि फटी आणखी घट्ट होतात.

या कामात सगळ्यांत अवघड गोष्ट कोणती? काय काढायचे आणि काय ठेवायचे, हे ठरवणे. सगळेच लाकूड नवे घातले, तर काम सोपे होईल; पण मग ते जुने जहाज कसे राहील? ते नुसती नक्कल ठरेल. म्हणून कारागीर चांगले लाकूड जपून ठेवतात. हार्टलपूलच्या कारागिरांनी तेच केले. १९९२ साली जहाजाला त्याचे मूळ नाव परत मिळाले. २००१ साली दुरुस्ती पूर्ण झाली. जहाजाच्या सांगाड्यातील अर्ध्याहून अधिक लाकूड आजही मुंबईत घातलेलेच आहे.

ज्या सुतारांनी ते लाकूड तासले, त्यांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला माहीत नाहीत. परंतु त्यांचे काम दोनशे वर्षांनंतरही पाण्यावर उभे आहे. मुलांनो, नवी वस्तू तयार करायला कौशल्य लागते. जुनी वस्तू वाचवायला कौशल्याबरोबर धीरही लागतो.